बांधील रुपया, मोकळा रुपया

मार्च २०२० मध्ये 'टाळेबंदी' हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला, तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतींत वाढलेल्या माझ्या पिढीला तो नवा नव्हता. आमच्यासाठी तो कारखान्याचा शब्द होता. ऐंशीच्या दशकात माझे वडील ज्या कारखान्यात फिटर होते, तेथे मालक आणि युनियन यांचे बिनसले आणि एका सकाळी पहिल्या पाळीची माणसे बंद फाटकासमोर तासभर उभी राहून घरी परतली. ते टाळे सात महिन्यांनी निघाले. त्या सात महिन्यांतले बरेचसे मी विसरलो आहे; पण पहिल्याच आठवड्यात वडील मला सोबत घेऊन किराणा दुकानात गेले, तो प्रसंग लख्ख आठवतो. दुकानदाराने उधारीची लांबट लाल वही काढली, वडिलांनी मागची सगळी बाकी चुकती केली आणि म्हणाले, "शेठ, कंपनीला टाळं लागलंय. आजपर्यंतचं मिटलं. आता फक्त ज्वारी, तेल, साखर आणि चहा पावडर. पोरांनी येऊन दुसरं काही मागितलं तरी देऊ नका."

हातातली रोकड अडचणीच्या पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याला देऊन टाकणे हा मला त्या वयात शुद्ध वेडेपणा वाटला होता. पाचव्या महिन्यात आळीतल्या निम्म्या घरांची उधारी बंद झाली आणि आमची चालू राहिली, तेव्हा त्या व्यवहारातली मेख लक्षात आली. वडिलांनी दोन गोष्टी एकदम केल्या होत्या: दर महिन्याला जाणारा पैसा किती, हे त्यांनी चार जिनसांवर आणून ठेवले होते, आणि गरज पडण्याआधीच आपली पत राखून ठेवली होती. उधार मिळण्याची ताकद आणि माणसाची अब्रू या दोन्ही गोष्टींना मराठीत 'पत' हा एकच शब्द आहे, हे काही उगाच नाही.

हे आठवण्याचे कारण असे की, आर्थिक शिस्तीविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते ते बहुतेक काटकसरीच्या भाषेत असते. हिंजवडीतील तरुण दर शनिवारी हॉटेलात जातात, दोनशे रुपयांची कॉफी पितात, दर दोन वर्षांनी फोन बदलतात आणि म्हणून नोकरी गेली की कोलमडतात, असे निदान ज्येष्ठांच्या कट्ट्यावर रोज ऐकायला मिळते. मला हे निदान चुकीचे वाटते, आणि चुकीच्या निदानामुळे उपायही चुकीचे सुचतात. हॉटेल, कॉफी आणि फोन हे खर्च पगार थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी थांबवता येतात. २०२० च्या उन्हाळ्यात ते सगळे आपोआप शून्यावर आलेच होते. पेट्रोल नाही, कपडे नाहीत, लग्नकार्ये नाहीत, सहली नाहीत. तरीही एप्रिल आणि मे महिन्यांत घराघरांतून झोप उडाली ती त्या खर्चांमुळे, जे माणूस घरात बसून राहिला तरी महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून निघून जातात. संकटात घर मोडते ते या बांधील खर्चांनी, आणि बांधील खर्च बहुतेक वेळा उधळेपणाचे नसतात. ते सभ्य, प्रतिष्ठित आणि नातेवाइकांनी कौतुक केलेले असतात.

पुण्यातील एखाद्या मध्यमवर्गीय घराचा कागद मांडून पाहावा. वाकड, रावेत किंवा उंड्री येथील फ्लॅटचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, मोटारीचा हप्ता, मुलाची शाळा आणि शाळेची बस, विम्याचे हप्ते, गावाकडे आईवडिलांच्या औषधांसाठी जाणारी रक्कम, कामाच्या मावशींचा पगार. मासिक उत्पन्न १ लाख २० हजार असलेल्या घरात या यादीची बेरीज ८४ हजार होणे मुळीच अवघड नाही. म्हणजे पगार हातात येण्याआधीच त्यातील सत्तर टक्के खर्च झालेला असतो. 'सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी ठेवा' असा सल्ला सगळेच देतात, पण सहा महिने कशाचे, हे फारसे कोणी सांगत नाही. या घराला सहा महिने तग धरायला ५ लाख ४ हजार रुपये लागतील आणि घरखर्च भागवून महिन्याला १० हजार उरत असतील तर ते साठायला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. तेवढ्याच उत्पन्नाच्या दुसऱ्या घरात बांधील खर्च ४८ हजार, म्हणजे उत्पन्नाच्या चाळीस टक्के असेल, तर त्याला सहा महिन्यांसाठी २ लाख ८८ हजार पुरतात आणि महिन्याला ३० हजार बाजूला पडत असतील तर ते दहा महिन्यांत जमतात. पहिले घर उधळे आणि दुसरे कंजूष असे काहीही नाही. दोन्ही घरांतील माणसे तितकीच कष्टाळू आणि तितकीच हौशी असू शकतात. फरक फक्त एवढाच की एकाने चांगल्या काळात आपले जास्त रुपये बांधून टाकले आणि दुसऱ्याने ते मोकळे ठेवले. आर्थिक शिस्तीची माझी व्याख्या या फरकापलीकडे फारशी जात नाही.

यावर लोक म्हणतात, की बँकेने तपासूनच कर्ज दिले ना? येथे एक मोठा गैरसमज आहे. बँक पगाराच्या किती हिस्स्यावर आधीच हप्ते आहेत ते पाहते, पण तिच्या हिशेबात प्रामुख्याने कर्जांचे हप्ते धरलेले असतात. शाळेची दरवर्षी वाढणारी फी, सासूबाईंचे डायलिसिस किंवा गावच्या घराचे गळके छप्पर त्या तक्त्यात नसते. शिवाय घर तारण असल्याने तुम्ही बुडालात तरी बँक पुरती बुडत नाही. बँकेने जे सांगितले ते तिला किती झेपेल, याचे उत्तर होते. आपण ते आपल्याला किती झेपेल, याचे उत्तर समजून सही केली.

आणि हे बांधलेले ओझे स्थिरही नसते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. ७ टक्के दराने, वीस वर्षांसाठी घेतलेल्या ५० लाखांच्या ताज्या कर्जाचा हप्ता ३८ हजार ७६५ रुपये होतो. तोच दर ९.५ टक्के झाला की ४६ हजार ६०७ होतो. अनेकांनी मात्र ही वाढ अनुभवलीच नाही, कारण बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. ऐकायला ही सवलत वाटते. पण ५० लाखांवर ९.५ टक्के दराने एका महिन्याचे व्याजच ३९ हजार ५८३ रुपये होते, म्हणजे जुन्या हप्त्यातून व्याजसुद्धा पुरते फिटत नाही आणि मुद्दल कमी होण्याऐवजी वाढते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना सांगावे लागले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा आणि हप्त्यातून निदान व्याज तरी फिटेल हे पाहा. त्या काळात आपल्या कर्जाची मुदत किती वाढली, हे किती जणांनी बँकेचे विवरणपत्र उघडून पाहिले असेल?

संकटाची बीजे तेजीत पेरली जातात, याचा सर्वांत ठसठशीत दाखला आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि दख्खनच्या कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला. सावकार एरवी हात आखडून असत, ते आपण होऊन कर्ज देऊ लागले, कारण पीक घरात येण्याआधीच त्याला गिऱ्हाईक होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव पडले, आणि नेमक्या याच सुमारास सरकारने जमीनमहसुलाची फेरआकारणी करून तो काही ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवला. महसूल रोखीत आणि ठरलेला. पीक मात्र पावसाच्या मर्जीवर. त्याच सुमारास सावकारांनी हात आखडले. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचे खत, म्हणजे कर्जरोखा, तीन वर्षेच वैध राहणार असे ठरवले होते. हेतू कुळाला वाचवण्याचा होता, पण सावकारांनी दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची वहिवाट पाडली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे लोक उठले ते धान्य लुटण्यासाठी नव्हे; त्यांना हवी होती खतपत्रे आणि वह्या, आणि त्या त्यांनी जाळल्या. दंगे पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा स्वतंत्र कायदा झाला.

सुप्याच्या त्या कुळांना कोणी चैनीबद्दल बोल लावणार नाही. ते अडकले ते उत्पन्न अनिश्चित आणि देणे निश्चित, या कात्रीत. जुने खत संपवून व्याजासह नवे खत लिहायची ती रीत आज 'टॉप-अप लोन' (चालू कर्जावर आणखी कर्ज) आणि क्रेडिट कार्डाची 'किमान देय रक्कम' या नावांनी आपल्या फोनवर येते. क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. एकोणिसाव्या शतकातील सावकारालाही लाज वाटावी असा हा दर. तरी त्याचे विवरणपत्र गुळगुळीत रंगीत कागदावर येते म्हणून आपल्याला त्याची भीती वाटत नाही.

संकट आल्यावर मिळणारी मदतसुद्धा बहुतेक वेळा नवे खतच असते. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली, आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर 'हप्ते माफ' असा संदेश फिरला. माफ काहीच झाले नव्हते. ४० लाखांच्या शिल्लक कर्जावर साडेआठ टक्क्यांनी सहा महिन्यांचे साधे व्याजच १ लाख ७० हजार होते आणि ते कर्जदाराच्या खाती चढतच होते. व्याजावरील व्याजाचा तेवढा किरकोळ भाग सरकारने नंतर परत केला. ज्यांचे उत्पन्न खरोखर थांबले होते त्यांच्यासाठी ही सोय आवश्यकच होती, याबद्दल वाद नाही. पण ज्यांचा पगार सुरू होता अशा कित्येकांनीही ती केवळ मिळते म्हणून घेतली, कारण भीतीच्या भरात कागदाचा अर्थ लावायला कोणालाच उसंत नसते. कागद वाचण्याचे काम दिवस बरे असतानाच उरकून ठेवावे लागते.

बांधील खर्चाच्या यादीत एक ओळ अशी आहे जी जवळपास कोणीच लिहीत नाही. कार्यालयाबाहेरच्या टपरीवर चहा संपता संपता सहकारी खिशातून घडी केलेला अर्ज काढतो आणि म्हणतो, "साहेब, पतसंस्थेचं आहे, नुसती सही." महाराष्ट्रात पगारदारांच्या पतसंस्थांचे जाळे जितके दाट आहे तितकीच ही जामीनकीची प्रथाही मुरलेली आहे, आणि तिच्यात माणुसकी आहे हे मी नाकारत नाही. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराकडे जावे आणि मग तुमच्याकडे यावे, असा काही क्रम कायद्यात नाही. आर्थिक संकट आले की कर्जदार आणि जामीनदार एकाच कारखान्यातील, एकाच धंद्यातील असल्याने दोघांचेही पगार एकदमच थांबतात. म्हणजे ही सही नेमकी तेव्हाच वसुलीला येते जेव्हा ती पेलण्याची ताकद उरलेली नसते.

ठेवींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुणेकरांना हे शिकवण्याची गरज पडू नये. रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे, ठेवी काढण्यासह, निर्बंध आले आणि तिचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. मधली नऊ वर्षे ठेवीदारांनी अर्ज-विनंत्यांत काढली. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेवर २०१९ मध्ये निर्बंध आले, २०२१ मध्ये परवाना गेला. ठेव विम्याचे संरक्षण १९९३ पासून १ लाखावर अडकलेले होते, ते फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंधांनंतर ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद झाली. हे ५ लाख एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज मिळून आहेत, शाखेमागे नाहीत. आणि पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागूच नाही. दीड टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणे, हेही रुपये बांधून टाकणेच आहे. ते केव्हा सुटतील हे आपल्या हातात राहत नाही.

आता या सगळ्यावरचा खरा आक्षेप. चाकणच्या कंत्राटी कामगाराला किंवा चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला 'बांधील खर्च चाळीस टक्क्यांच्या आत ठेवा' असे सांगणे ही चेष्टा आहे. खोलीचे भाडे, रेशन आणि मुलांच्या वह्यांतच त्यांचे उत्पन्न संपते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच आर्थिक शिस्त हा केवळ व्यक्तीच्या मनोनिग्रहाचा विषय आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. ज्यांच्या हातात कमी पैसा आहे त्यांनाही शिस्त लावता येते, पण ती व्यवस्थेने लावावी लागते. पुण्याच्या मार्केट यार्डात याचे उदाहरण रोज पाहायला मिळते. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांच्या लढ्यांची पार्श्वभूमी असलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाची मजुरी मंडळामार्फत देण्याची पद्धत आली. मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने भरायची आणि तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार यांची सोय व्हायची. त्या हमालाने काटकसरीवरचे एकही व्याख्यान ऐकलेले नसेल, पण त्याच्या नावावर निधी साठत असतो. संघटित क्षेत्रात पगाराच्या बारा टक्के कपातीने हेच होते. हाती न आलेला पैसा खर्च होत नाही, हे सत्य सगळ्या आर्थिक सल्लागारांना मिळून जितके साधता आले नाही तितके या कपातीने साधले. म्हणून कंत्राटी कामगाराची कपात ठेकेदार खरोखर भरतो का, हे तपासणे, हा मला शिस्तीचा पहिला सार्वजनिक प्रश्न वाटतो. दुसरा प्रश्न बँकांचा: कर्ज मंजूर करताना दर दोन टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती होईल, ही एक ओळ मराठीत, ठळक अक्षरांत, अर्जाच्या पहिल्या पानावर छापायला काय हरकत आहे?

मनःशांतीचा संबंध रकमेशी आहे असे मी पूर्वी मानत असे. मे २०२० मध्ये माझ्या पगारात तीस टक्के कपात झाली, तेव्हा घरात धास्ती होती, पण रात्री झोप लागत होती. यात शहाणपणाइतकाच योगायोगाचा भाग होता, हे कबूल करायला हवे. २००६ मध्ये मोठ्या घरासाठी मागितलेले कर्ज बँकेने कमी मंजूर केले, आम्ही चडफडत बिबवेवाडीत लहान घर घेतले आणि आमचा बांधील हिस्सा बेचाळीस टक्क्यांवर राहिला. त्याच मजल्यावरच्या एका मित्राचा पगार माझ्या दीडपट होता आणि त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्याच्याकडे पैसे माझ्यापेक्षा जास्त होते. पण महिन्याला नेमके किती जातात हे त्याने कधीच लिहून काढले नव्हते आणि त्याच्या पत्नीला दुसऱ्या कर्जाबद्दल त्याच महिन्यात कळले. आकडा कितीही वाईट असला तरी कागदावर आला की त्याला एक शेवट असतो. मनातल्या आकड्याला तो नसतो, आणि घरातल्या एकाच माणसाच्या मनात असलेल्या आकड्याला तर नाहीच नाही.

आमच्याकडे गुढीपाडव्याला, श्रीखंड खाऊन सुस्ती येण्याआधी, मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या एका पानाच्या मागच्या बाजूला ही यादी लिहिली जाते. हा काही फार पवित्र विधी नाही. दोनदा त्यावरून भांडण झाले आहे आणि एकदा कागदच हरवला. यंदा मुलीच्या वसतिगृहाच्या फीमुळे आकडा एक्कावन्न टक्क्यांवर गेला आणि मोटार विकायची की नाही, हे अजून ठरलेले नाही. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा प्रथमच तिला शेजारी बसवून यादी वाचायला दिली. तिने ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि विचारले, "बाबा, त्या काकांना तुम्ही जामीन राहिलायत ना? ते कुठाय यात?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी पेन उचलले आणि यादीच्या तळाशी लिहिले: पतसंस्था, सव्वीस हप्ते बाकी.